लेबल वाचणाऱ्या मालतीताई

मालतीताई चौगुलेंनी माझी कॉलर धरली तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये लाँड्री रूम तळघरात होती. ऑफिसमधून आल्या आल्या मी तिथे ड्रायरमधून कपडे काढत होते. मागून आवाज आला, "मराठी काय गं?" मी वळले. तेल लावून घट्ट घातलेली वेणी, सुती पंजाबी ड्रेस आणि त्यावर नवऱ्याचा स्वेटर, अशी चाळिशीची एक बाई उभी होती. मी "हो" म्हणायच्या आत तिने माझ्या शर्टाची कॉलर मागून उलटी केली, डोळे बारीक करून लेबल वाचलं आणि म्हणाली, "रिंकल-फ्री होय? इस्त्रीचा कंटाळा म्हणून कापडावर मारलेलं फॉर्मलिन अंगाला चोळून घेतेस की!"

मी गार. एवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं असावं. कॉलर सरळ करून, वर थोपटून म्हणाल्या, "नाव सांगायचं राहिलंच. मी मालती. इचलकरंजीची. तू?"

मी वैशाली, नागपूरची, हे मी सांगितलं, पण त्यांचं लक्ष माझ्या टोपलीतल्या टॉवेलांकडे होतं.

मालतीताईंनी कापडाचं इंजिनीअरिंग केलं होतं आणि लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं इचलकरंजीतल्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये काढली होती. रंगवलेलं कापड धुतल्यावर किती आटतं, घासल्यावर रंग सुटतो का, हे तपासायचं त्यांचं काम. मग नवऱ्याला, म्हणजे अशोकरावांना, शिकागोजवळ प्रोजेक्ट मिळालं आणि त्या मागोमाग आल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरी करता येत नसे. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अशा बायका पुष्कळ. कुणी डॉक्टर, कुणी सीए, आणि सगळ्या दुपारी एकमेकींना ढोकळ्याची रेसिपी विचारणार. मालतीताईंना ढोकळा येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. त्यांनी आपली लॅब मनातल्या मनात इकडे उचलून आणली होती, आणि तपासायला कापड म्हणून आम्ही होतोच.

त्यांच्याबरोबर दुकानात जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला सेलचं भारी वेड. क्लिअरन्सचा लाल स्टिकर दिसला की माझे पाय आपोआप वळत. मालतीताई स्टिकरकडे बघतच नसत. कपडा उलटा करायचा, शिवण ताणायची, नाकाशी न्यायचा, मग लेबल. त्या वर्षांत हिरवी लेबलं नुकतीच फोफावायला लागली होती. जिकडे तिकडे 'इको', 'नॅचरल', कोपऱ्यात एक पान काढलेलं. "पान काढायला काय जातंय?" त्या म्हणायच्या. "इकडे शर्ट बांबूचा म्हणतात. अगं, बांबू काय अंगात घालता येतो? त्याचा लगदा करायचा, केमिकलमध्ये विरघळवायचा, मग धागा काढायचा. व्हिस्कोसच की ते! त्यावर पान काढलं की झाला बांबू."

एकदा मॉलमध्ये त्यांनी एका मुलीला गाठलं. बिचारी कॉलेजातली असेल, टेबलावर टी-शर्टच्या घड्या घालत होती. मालतीताईंनी तिला विचारलं, हा कापूस सेंद्रिय म्हणता, तर पिंजला कुठे? सूत कुणी काढलं? रंगवला कुणी? प्रत्येक टप्प्याचा कागद आहे का? इंग्रजी त्यांचं मोडकंतोडकं नव्हतं, पण कोल्हापुरी ठसक्याचं होतं, त्यामुळे साधा प्रश्न विचारला तरी भांडण चाललंय असं वाटे. रांगेतले लोक बघायला लागले. मी हँगरच्या एका रॅकमागे जाऊन पायजम्यांचे भाव वाचत उभी राहिले. मुलगी शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅम, आय जस्ट फोल्ड देम."

मालतीताई एकदम वरमल्या. "सॉरी, सॉरी," म्हणाल्या, आणि उलटेपालटे केलेले सगळे टी-शर्ट तिच्या शेजारी उभं राहून घड्या घालून दिले. इतक्या सुरेख घड्या की ती मुलगी हसायला लागली. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "तू मेली पायजम्यात लपलीस होय? तुझी लाज वाटते मला." मी म्हटलं, "मला तुमची वाटते." मग दोघीही हसलो.

कागदाचं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. हाताला सूत कळतं, पॉलिस्टर जाळून बघता येतं, वासावरून कापडावर कसलं केमिकल मारलंय ते ओळखता येतं. पण सेंद्रिय कापूस आणि फवारलेला कापूस हाताला सारखाच लागतो. "इथं माझी बोटं पण फसतात बघ. म्हणून कागद मागायचा. शेतापासून शिवणीपर्यंत प्रत्येकानं पुढच्याला दिलेला. मधला एक जरी नसला, तरी बाकीचे चुलीत घाला." दुपारभर त्या लेबलामागच्या टोल-फ्री नंबरांवर फोन करत बसत. ज्या कंपन्या प्रश्न ऐकून चिडत त्यांच्यावर फुली. ज्या गोड बोलून माहितीपत्रक पाठवत त्यांच्यावरही फुली. "आम्हाला अजून माहीत नाही, विचारून कळवतो," असं म्हणून खरंच कळवणाऱ्या एक-दोनच निघाल्या, आणि त्यांचं त्या माहेरच्या माणसांसारखं कौतुक करत.

आणि तरी कुणी विचारलं, ताई, चांगला ब्रँड कुठला, तर पहिलं उत्तर ठरलेलं: "तुझ्या कपाटात आहे तो. फाटेपर्यंत वापर." स्वतः तसंच वागत. त्यांचे पाच-सहा ड्रेस मला पाठ होते. बाहीला रफू केलेला निळा, गळ्याला वेगळं बटण असलेला पिवळा. कपडे बाल्कनीत वाळत घालायचे नाहीत असा कॉम्प्लेक्सचा नियम होता. त्या घालत. मॅनेजरीण सांगायला आली की तिला आत बोलावून चहा पाजत आणि उन्हात वाळलेल्या चादरीचा वास घ्यायला लावत. ती दर वेळी वास घेऊन, चहा पिऊन, नोटीस देऊन जाई.

एवढा ध्यास कशापायी, हे मी एकदा विचारलं. पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "लॉट पास झाला की खाली सही माझी असायची," त्या म्हणाल्या. "कापड पास. रंग पक्का. आणि मागच्या खिडकीतनं ओढा दिसायचा. आज लाल, उद्या निळा. त्याची सही कुणाची गं? मला कुणी विचारलं नाही आणि मी पण कुणाला विचारलं नाही. पगार चांगला होता." मग पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "लाज वाटते. चल, ताट घे."

हळूहळू त्यांच्या शब्दाला वजन आलं. आधी थट्टा करणाऱ्या बायकाच मुलाला अंगावर पुरळ आलं की फोन करायला लागल्या. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटणं कमी झालं. बारशाला कुणी झबलं आणलं की आधी मालतीताईंकडे जाई. त्या उलटंपालटं करून "चालंल" म्हणाल्या की आईचा जीव भांड्यात पडे. आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांनी त्यांना 'लेबल इन्स्पेक्टर' नाव ठेवलं होतं. त्यांना ते कळलं होतं आणि आवडलंही होतं. नोकरी नसलेल्या बाईला कुणी हुद्दा दिला तर का नको म्हणेल?

मग संजय आला.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने स्टॉल लावला होता. सांगलीचा, पस्तिशीचा, बोलायला लाघवी. लहान मुलांच्या सेंद्रिय सुती कपड्यांची त्याची छोटी कंपनी होती. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आता ती नाहीही. मालतीताई स्टॉलवर गेल्या, नेहमीप्रमाणे एक अंगडं उलटं केलं. तो हात जोडून उभा. "ताई, तुम्ही इचलकरंजीच्या ना? तुमच्याबद्दल ऐकून आहे. तुम्ही तपासणार म्हणून मी रात्रभर झोपलो नाही बघा." त्या खुदकन हसल्या. मी त्यांना असं लाजून हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला होता. खर्डा-भाकरी खाऊन म्हणाला, घरी गेल्यासारखं वाटलं. त्याचे एक काका इचलकरंजीत माग चालवत, मालतीताईंचे वडील त्यांना ओळखत, असा धागाही निघाला. मग पुढच्या खेपेला त्याने मुद्दा काढला. "ताई, तुमच्यासारखं माणूस मला हवंय. क्वालिटी तुम्ही बघा. लॅबचं टेबल टाकून देतो. व्हिसाचं मी बघतो, वकील माझ्या ओळखीचा आहे."

त्या रात्री त्यांचा मला फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं कुणी गेलं की काय. "वैशाली, मला नोकरी मिळतीय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. अमेरिकेत आल्यापासून त्या घरात बसून होत्या. अशोकराव भला माणूस, पण भाजीला गेलं तरी कार्ड त्याचं, ड्रायव्हिंगच्या क्लासला त्याची सही. हे त्या कधी बोलत नसत. त्या रात्री बोलल्या.

वसंतात वकिलाकडे व्हिसाचे कागद गेले. नव्या व्हिसावर ऑक्टोबरपासून काम सुरू व्हायचं होतं. मधल्या महिन्यांत मालतीताईंनी संजयच्या कपड्यांबद्दल सगळ्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे, इतकी वर्षं कुठल्या दुकानाला "हो" न म्हणणारी बाई "डोळे मिटून घ्या" म्हणाली. पोरांच्या आयांनी डोळे मिटून घेतलं. गणपतीत मुलांचं लेझीम व्हायचं होतं, त्याचे सगळे कुडते मंडळाने संजयकडेच करायला टाकले.

मी सहज, खरंच सहज, विचारलं होतं, "काय हो, त्याचे कागद बघितलेत का?"

त्या म्हणाल्या, "अगं, आपला माणूस आहे. माझ्या हातचं जेवलाय. त्याला कागद मागायचा? बरं दिसतं का ते?"

आमच्याकडे हे असंच. परक्याला दहा प्रश्न विचारू, पण 'ताई' म्हणून पाया पडलेल्याला विचारायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. मलाही ते पटलं. विषय तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये टेबल कुठे टाकायचं ते बघायला त्या संजयच्या गोदामात गेल्या. मी सोडायला गेले होते, गाडीतच थांबले. त्यांनी येणार म्हणून कळवलं नव्हतं. त्याला सरप्राइज द्यावं म्हणून डब्यात करंज्या घेतल्या होत्या. थोड्याच वेळात त्या परत आल्या, डबा हातात तसाच. बसल्या, बेल्ट लावला. "चल," म्हणाल्या. मग रस्त्यात सांगितलं. आत दोन बायका मशीनवर बसल्या होत्या. दुसऱ्याच कंपनीच्या उरलेल्या मालाची खोकी फोडलेली. एक बाई कात्रीने जुनं लेबल उसवत होती, दुसरी तिथे संजयचं पानवालं लेबल शिवत होती. आमच्या लेझीमच्या कुडत्यांचा ढीगही तिथेच होता.

"तो होता का?" मी विचारलं.

"होता की. खुर्ची दिली बसायला. म्हणाला, ताई, सगळेच असं करतात, लोकांना बरं वाटतं ना, मग झालं. तुमचा अर्ज गेलाय, ऑक्टोबरला या." त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "खुर्ची पुसून दिली गं त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला कळवून टाकलं की नोकरी नको. आणि मग दारोदार निघाल्या. खरंच दारोदार. ज्या ज्या घरी त्यांच्या शब्दावर कपडे घेतले होते तिथे जाऊन, चप्पल काढून, सोफ्याच्या टोकावर बसून सांगायच्या: हे सेंद्रिय नाहीत, मी तपासलं नाही, माझं चुकलं, परत द्या. गाडी चालवायला मी होते, म्हणून प्रत्येक घरी मलाही शेजारी बसावं लागलं. भूमाते पोटात घे असं वाटायचं. आणि लोक तरी काय करतील! एक जण म्हणाली, "जाऊ द्या हो ताई, छान आहेत की." दुसरी म्हणाली, "आता मोठा झाला, लहान झाले त्याला." तिसरी फोनवर बोलत होती, तिने हाताने बसा-बसा केलं आणि शेवटी म्हणाली, "सॉरी, काय म्हणत होता?" एकीने चहा दिला आणि नवीन ग्रॅनाइटचा ओटा दाखवला. एकही कपडा परत मिळाला नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये लेझीम झालं. पोरं त्याच कुडत्यांत. टाळ्या पडत असतानाच मालतीताई स्टेजवर चढल्या. अध्यक्ष माइक धरून होते. ते म्हणाले, "ताई, आत्ता नको, प्रोग्रॅम लेट चाललाय, जेवणं व्हायचीत." त्यांनी माइक घेतला. "हे कुडते खोटे आहेत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं लेबल काढून हे लावलंय. मी शब्द दिला होता. कागद मागितला नाही. आपला माणूस आहे, त्याला काय विचारायचं, असं वाटलं. माझी चूक आहे. मला माफ करा." हात जोडले.

हॉलमध्ये लोक बुटांकडे बघत होते. एका पोराचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मॉम, कॅन वी ईट नाऊ?" आणि सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. अध्यक्षांनी माइक घेऊन "ताईंच्या प्रामाणिकपणाला जोरदार टाळ्या" असं म्हटलं, टाळ्या वाजल्या, आणि बटाटेवड्याची रांग लागली. मालतीताई स्टेजच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. टाळ्यांनी त्या जास्तच ओशाळल्या. खाली उतरायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. अशोकराव गेले, हात धरून घेऊन आले.

त्यानंतर त्यांनी कुणाचं लेबल पाहिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "मला काही कळत नाही त्यातलं." लोकांनीही विचारणं सोडून दिलं. सुरुवातीला मला वाटलं, जरा दिवस जाऊ देत, येतील पूर्वपदावर. मी मुद्दाम एकदा रिंकल-फ्री शर्ट घालून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी चहा दिला.

पुढच्या वर्षी अशोकरावांचं प्रोजेक्ट संपलं. मंदी लागली होती, दुसरं मिळेना. ते परत निघाले. सामान आणि अशोकराव एका मित्राच्या व्हॅनमध्ये, मालतीताई माझ्या गाडीत. विमानतळ जवळ आला. मग म्हणाल्या, "वैशाली, मी माइकवर खोटं बोलले."

"काय?"

"आपला माणूस म्हणून विचारलं नाही, असं म्हटलं ना? ते खोटं. सांगलीचा नसता, चीनचा असता, तरी विचारलं नसतं. मला कळत होतं गं. त्याच्या भावात तसला कापूस मिळतच नाही, हे मला स्टॉलवरच कळलं होतं. पण विचारलं असतं तर नोकरी गेली असती. मला ती नोकरी पाहिजे होती. एवढंच. ओढा लाल दिसायचा, तरी सही करत होतेच की मी. त्यात आणि ह्यात काय फरक?"

मी पटकन म्हटलं, "जाऊ द्या हो ताई. झालं गेलं."

त्या माझ्याकडे वळल्या. "हेच. सगळे हेच म्हणता. एवढी घरं फिरले, हॉलभर माणसं होती. एकजण तरी रागवा की माझ्यावर. तू तरी रागव. तुझ्या भाचीला दोन झबली तूच घेतली होतीस माझ्या शब्दावर."

गाडी टर्मिनलसमोर लागली होती. मी त्यांच्याकडे बघून राग आणायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण मला राग येत नव्हता, कारण ती झबली सेंद्रिय आहेत की नाहीत याने मला तेव्हाही काही फरक पडला नव्हता आणि आताही पडत नव्हता. त्यांचं मन मोडू नये म्हणून घेतली होती. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण मालतीताईंचा चेहरा हळूहळू पडला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तसं होय."

आणि माझ्या गालावरून हात फिरवून, बॅग घेऊन, अशोकरावांच्या मागे आत गेल्या.